गाजराची पारख

मराठीत एक शब्द आहे, 'गाजरपारखी'. ज्याला कशाचीच पारख नाही अशा माणसाला गाजरपारखी म्हणतात. हिरा पारखायला जवाहीर लागतो, गाजर काय कोणीही पारखेल, असा त्यातला टोमणा. उर्दूतही तेच. घरात कोणी मान राखला नाही की आमच्याकडे बायका म्हणतात, "हमको गाजर-मूली समझे क्या?" त्यात मराठीची ती म्हण आहेच, गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. आम्ही निलंग्यात शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. हे वाक्प्रचार वर्गात कितीदा समजावून सांगितले असतील, त्याची गणती नाही. पण गाजराचीही पारख करावी लागते आणि ती आम्हांला येत नव्हती, हे आम्हांला आमच्या एका विद्यार्थिनीने शिकवले.

मुलगी सहावीत होती. पालक सभेला तिची अम्मी आली आणि सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, "बाजी, बोर्ड पे का बराबर दिसता नै बोलती ये. चष्मा लगा तो लोगां क्या बोलेंगे? गाजरां खिलाऊं क्या?" आम्ही क्षणभरही विचार न करता म्हणालो, "हौ, खिलाओ ना. आँखां को अच्छे रहते." लहानपणी आमच्या नानीने आम्हांला तेच सांगितले होते. तेच आम्ही पुढे दिले.

त्या माउलीने खरोखर सगळा हिवाळा मुलीला गाजर खाऊ घातले. सकाळी रस, दुपारी कोशिंबीर, जुम्म्याला हलवा. मुलीचे बोर्डावरचे मात्र चुकतच राहिले. आठचे तीन व्हायचे, सहाचे शून्य. आम्ही वहीवर लाल शाईने 'लक्ष देऊन लिही' असे लिहीत राहिलो. वर्गात तिला 'ढ' म्हणू लागले आणि हळूहळू ती स्वतःही तसेच मानू लागली. सातवीत शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले, त्यांनी चिठ्ठी दिली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर दोन्ही डोळ्यांना वजा तीनच्या आसपास नंबर निघाला. डॉक्टरांनी विचारले, इतके दिवस का थांबलात? अम्मी म्हणाली, "बाजी बोले थे, गाजरां खिलाओ."

तिने हे आम्हांला येऊन सांगितले, तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण आमच्या सल्ल्यापायी एका मुलीचे एक वर्ष गेले होते. त्यानंतर आम्ही गाजराबद्दल मिळेल ते वाचले, शेतकऱ्यांना विचारले, शाळेमागच्या तुकड्यात गाजर लावूनही पाहिले. त्यातून जे हाती आले, ते आमच्या भगिनींपुढे ठेवतो.

घराणे

गाजराचे शास्त्रीय नाव डॉकस कॅरोटा. त्याचे घराणे पाहिले तर आपल्या मसाल्याच्या डब्यातले अर्धे डबे त्याचे नातेवाईक निघतात. धणे, जिरे, शहाजिरे, बडीशेप, ओवा, शेपू, एवढेच काय हिंगसुद्धा याच कुळातले. बिर्याणीचा मसाला वाटताना आपण गाजराच्या चुलत भावंडांनाच वाटत असतो. या सगळ्यांची खूण म्हणजे फुलोरा. एका दांड्याच्या टोकातून छत्रीच्या काड्यांसारखे देठ निघतात आणि प्रत्येक देठावर बारीक पांढऱ्या फुलांची आणखी एक छोटी छत्री असते. कोथिंबीर फुलावर आलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल.

गाजर हे मूळ आहे, तेही सोटमूळ. मुलांना आम्ही नेहमी विचारतो, गाजर, बटाटा, कांदा हे तिन्ही जमिनीखालचे, मग तिन्ही मुळेच का? नाहीत. बटाटा हे खोड आहे, त्याला डोळे असतात आणि त्यातून कोंब येतात. कांदा म्हणजे एकावर एक बसलेली जाड पाने. गाजर, मुळा, शलगम ही मात्र खरी मुळे. झाडाने पुढच्या दिवसांसाठी त्यात साखर साठवून ठेवलेली असते. गाजर आडवे कापून पाहा. मध्ये फिकट गाभा दिसतो, त्यातल्या जलवाहिन्या पाणी वर नेतात. बाहेरच्या गडद भागात रसवाहिन्या असतात, पानांत तयार झालेले अन्न त्यातून खाली येते. गोडी आणि रंग या बाहेरच्या भागात जास्त. म्हणून बारीक गाभ्याचे गाजर चांगले, आणि जाड, लाकडासारख्या गाभ्याचे गाजर जून. पारखेचा पहिला धडा हाच.

झाड मुळात दोन हंगामांचे. पहिल्या हंगामात पाने करायची आणि मुळात पुंजी साठवायची, दुसऱ्या हंगामात ती खर्च करून दांडा, फुले आणि बी करायचे. विलायती नारिंगी गाजराला फुलावर येण्यासाठी मध्ये कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, म्हणून त्याचे बी आपल्या मैदानी भागात धरत नाही, हिमाचलसारख्या डोंगराळ भागात तयार करावे लागते. आपले लाल देशी गाजर मात्र उष्ण हवेला सरावलेले. ते इथेच, एकाच वर्षात, फुलते आणि बी देते. गाजर वेळेवर काढले नाही आणि दांडा वर आला, की मुळातली साखर निघून जाते आणि उरतो चोथा.

इथे एक गैरसमजही काढून टाकू. रस्त्याकडेला आणि पडीक रानात माजते ते 'गाजर गवत', त्याचा गाजराशी काही संबंध नाही. पाने तशी दिसतात एवढेच. ते सूर्यफुलाच्या कुळातले, मूळचे अमेरिकेकडचे. आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरले. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमा उठतो. मुलांना हातमोजे न देता ते उपटायला लावू नये.

रंगांचा प्रवास

आज गाजर म्हटले की लाल किंवा नारिंगी रंग डोळ्यांपुढे येतो. पण माणसाने प्रथम लावलेले गाजर जांभळे आणि पिवळे होते. अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियाच्या पट्ट्यात सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी त्याची शेती सुरू झाली असे मानतात. तिथून ते एका बाजूला अरब देशांतून अंदलुसला, म्हणजे मुसलमानी स्पेनला गेले, आणि दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानात आणि चीनमध्ये. बाराव्या शतकात सेव्हिल शहरातील इब्न अल-अव्वाम यांनी 'किताब अल-फिलाहा' हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात गाजराच्या रंगांसह त्याच्या लागवडीची माहिती आहे. भाषेतही या प्रवासाच्या खुणा आहेत. फारसीत 'गज़र', अरबीत 'ग' नाही म्हणून 'जज़र', आणि आपल्या मराठीत, उर्दूत, हिंदीत 'गाजर'. उर्दू आणि मराठीच्या तासाला आम्हांला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही, याचे बरे वाटते.

नारिंगी गाजर त्यामानाने कालचे. सोळाव्या-सतराव्या शतकात हॉलंडच्या शेतकऱ्यांनी ते निवडून निवडून पक्के केले आणि मग ते जगभर गेले. १८३१ मध्ये वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने गाजरातून नारिंगी रंगद्रव्य वेगळे काढले. गाजराच्या लॅटिन नावावरून त्याला 'कॅरोटीन' म्हणू लागले. आपल्या देशी लाल गाजरात या कॅरोटीनबरोबर लायकोपीनही असते, टोमॅटो आणि कलिंगडाला लाल करणारे तेच. काळ्या-जांभळ्या गाजराचा रंग आणखी वेगळा, जांभळासारखा पाण्यात उतरणारा. उत्तरेत त्याची मोहरी घालून आंबवलेली कांजी करतात.

काळ्या मातीतले गाजर

आमचा निलंगा तालुका मांजरा आणि तेरणा नद्यांच्या खोऱ्यातला. जमीन काळी. सोयाबीन, तूर, हरभरा यांना ती मानवते. गाजराला मात्र भुसभुशीत, खोल, पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. घट्ट काळ्या मातीत मूळ खाली जाताना अडते आणि त्याला दोन-तीन पाय फुटतात. शाळेमागे लावलेल्या आमच्या पहिल्या गाजरांना बघून पोरे खूप हसली, एक गाजर तर थेट पायजमा घातल्यासारखे निघाले.

एका जाणत्या शेतकऱ्याने आमच्या दोन चुका दाखवल्या. एक, आम्ही सपाट वाफ्यात बी टाकले, वरंबे करून माती उंच आणि मोकळी करायला हवी होती. दोन, आम्ही ताजे शेणखत घातले, त्यानेही मुळे फाटतात. खत चांगले कुजलेले हवे. शिवाय बी अगदी बारीक आणि केसाळ असते, ते हातावर चोळून, वाळूत मिसळून पेरावे. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर ओल मोडू द्यायची नाही. रोपे दाट झाली तर विरळणी करावीच लागते. मूळ मातीबाहेर डोकावले तर उन्हाने त्याचा माथा हिरवा आणि कडवट होतो, म्हणून भर द्यावी लागते. आमच्याकडे पावसाळा सरताना पेरलेले गाजर थंडीत तीन-साडेतीन महिन्यांत तयार होते. रंगही थंडीतच भरतो, उन्हाळ्यात ते फिके राहते.

दुसऱ्या वर्षी आम्ही कुंड्यांत माती, वाळू आणि कुजलेले खत सारखे घेऊन लावले. गाजरे बोटाएवढीच झाली, पण सरळ झाली. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनीही एक खोल डबा ठेवून पाहावा. मुले स्वतः लावलेले गाजर न सांगता खातात.

गाजराची आठवण आली की आमच्या भागात येळवस आठवतेच. मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या लातूर आणि धाराशिवकडे जशी साजरी होते तशी इतरत्र क्वचितच. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते. कडब्याची कोप उभी राहते आणि हरभरा, तूर, वाटाणा, पावटा, गाजर अशा मिळतील तितक्या भाज्या बेसनात शिजवून भज्जी होते. सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील. शेजारपाजारची हिंदू कुटुंबे आम्हांला आग्रहाने शेतावर नेतात. लहानपणी अब्बांचे बोट धरून आम्ही अशा कितीतरी शेतांवर जेवलो आहोत. गाजर किती उपयोगी असते, हे पुस्तकात वाचण्याआधी आम्ही तिथे चाखले.

डोळे आणि गाजर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाजर डोळ्यांना चांगले, हे नानीचे म्हणणे खोटे होते का? खोटे नव्हते, अर्धे होते.

गाजरातले कॅरोटीन पोटात गेल्यावर शरीर त्याचे 'अ' जीवनसत्त्व करते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अंधूक उजेडात पाहणाऱ्या पेशी असतात. त्यांना काम करायला हे जीवनसत्त्व लागतेच. ते कमी पडले की प्रथम रातांधळेपणा येतो. मूल दिवसा नीट खेळते, पण मगरिबनंतर अंगणात चाचपडते, उंबऱ्याला अडखळते. पुढे डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसतात आणि तरीही दुर्लक्ष झाले तर बुबुळ खराब होऊन नजर कायमची जाते. आपल्या देशात यासाठी १९७० पासून सरकारी कार्यक्रम आहे. बाळाला नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात आणि मग पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण नऊ डोस मोफत मिळतात. ते चुकवू नयेत. रातांधळेपणा दिसला तर मात्र घरी गाजर खाऊ घालत बसू नये, त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

आमच्या विद्यार्थिनीचे दुखणे वेगळे होते. तिचा डोळ्याचा गोळा किंचित लांबट. त्यामुळे दूरच्या वस्तूचे चित्र पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते आणि दूरचे अंधूक दिसते. शिवलेला कुर्ता लांब झाला तर तो चांगले खाऊन आखूड होत नाही, तसेच हे. गाजराने, बदामाने, कशानेही नंबर उतरत नाही. त्याला चष्माच लागतो. आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही भीतीही खोटी आहे.

मग गाजराचा एवढा बोलबाला का झाला? त्यात एका युद्धाचाही हात आहे. १९४० च्या सुमारास जर्मन विमाने रात्री इंग्लंडवर बॉम्ब टाकत होती आणि इंग्रज वैमानिक त्यांना अंधारात टिपत होते. त्यामागे विमानात बसवलेले नवे रडार होते. पण ते गुपित राखायचे म्हणून आमचे वैमानिक गाजर खातात, असा गाजावाजा करण्यात आला. जॉन कनिंगहॅम नावाच्या वैमानिकाला तर 'मांजरडोळ्या' हे टोपणनाव पडले. युद्ध संपले, रडारचे गुपितही फुटले, पण गाजराची गोष्ट घरोघर राहिली.

स्वयंपाकघरात

गाजराचा खरा फायदा घ्यायचा तर तेलाशी त्याची गाठ घालावी. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागते. नुसता रस पिण्यापेक्षा गाजर किसून, दाण्याचा कूट आणि लिंबू घालून, वरून तेलाची फोडणी दिलेली कोशिंबीर जास्त गुणाची. थोडे शिजवले तर आणखी बरे, कारण गाजराच्या पेशींची भिंत कडक असते आणि शिजल्यावर ती सुटते. गाजर-मेथी, गाजर-वाटाणा, खिचडीत गाजर, कबाबाच्या खिम्यात किसलेले गाजर, हे सगळे मुले आवडीने खातात. रमजानमध्ये इफ्तारला तळणीच्या शेजारी एक वाटी गाजराची कोशिंबीर ठेवली, तर भजी आपोआप कमी खाल्ली जातात.

हलव्याबद्दल थोडे नाजूक बोलावे लागेल. दूध आणि तूप असल्यामुळे कॅरोटीन चांगले अंगी लागते, हे खरे. पण गाजरापाठोपाठ साखरही तितकीच जाते. हलवा ही मिठाई आहे, औषध नव्हे. ज्या घरात शुगरचे पेशंट आहेत त्यांनी 'गाजरच तर आहे' म्हणून दुसरी वाटी पुढे करू नये. गाजर गोड असले तर निम्म्या साखरेतही हलवा छान होतो, दूध मात्र सावकाश आटवावे.

पाला टाकू नये. कोवळा पाला धुऊन, चिरून, बेसन लावून कोरडी भाजी होते. जून पाला बकरीला द्यावा, ती दुवा देईल. मात्र गाजर साठवताना पाला लगेच मोडून ठेवावा, नाहीतर तो मुळातले पाणी ओढतो आणि गाजर लुळे पडते. बाजारात घेताना बोटाने वाकवून पाहावे. टणक, गुळगुळीत, मध्यम जाडीचे घ्यावे. भेगाळलेले आणि माथ्याला हिरवे असलेले नको.

महागाईत गाजर परवडले नाही, किंवा हंगाम गेला, तरी हरकत नाही. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, कढीपत्ता, आंबा, पपई यांतही कॅरोटीन भरपूर असते. अंड्यात आणि कलेजीत तर तयार 'अ' जीवनसत्त्व असते. गरोदर बायकांनी मात्र कलेजी आणि त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, त्यांचा अतिरेक बाळाला बाधतो. गाजराचा तसा धोका नाही, कारण शरीर त्यातून गरजेपुरतेच जीवनसत्त्व तयार करते. फार खाल्ले तर तळहात पिवळे दिसतात एवढेच. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा झाला तर मात्र ती कावीळ समजून डॉक्टरांकडे जावे.

घरी पाहण्याची खूण

मूल संध्याकाळनंतर अडखळत असेल, तर 'अ' जीवनसत्त्वाची शंका घ्यावी. मूल पुस्तक नाकाजवळ धरत असेल, टीव्हीपुढे सरकत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, बोर्डावरचे चुकीचे उतरवत असेल, तर नंबरची शंका घ्यावी. दोन्हींसाठी सरकारी दवाखान्यात तपासणी होते, आणि शाळकरी मुलांना सरकारी कार्यक्रमातून मोफत चष्माही मिळू शकतो. मुलगी आहे, चष्मा लागला तर रिश्ता कसा येईल, ही काळजी आम्ही ऐकली आहे. आम्ही एवढेच म्हणू की न दिसल्यामुळे जी मुलगी वर्गात मागे पडते, तिचे नुकसान चष्म्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा फार मोठे असते.

आमच्या त्या मुलीने चष्मा लावला त्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली आणि बोर्डावरचे सगळे बरोबर उतरवले. आम्ही वर्गासमोर तिची माफी मागितली. शिक्षकाने असे करावे की नाही, यावर आमच्या सहकाऱ्यांत थोडी चर्चा झाली. पण चूक वर्गात झाली होती, म्हणून ती वर्गातच मान्य केली.

त्या वर्षी शाळेमागची चार देशी गाजरे आम्ही मुद्दाम काढली नाहीत. मार्चमध्ये ती फुलावर आली. मुलांना चित्र काढायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी एक पांढरा गोळा काढला. तिने छत्रीची एकेक काडी काढली आणि काड्यांच्या टोकांवरची बारीक फुलेही. आम्ही विचारले, इतके कसे दिसले? ती म्हणाली, "बाजी, अब दिसता ना."